मागच्या सीटवरचे फिटर

मागचं दार उघडलं की ते आधी सीटवर वर्तमानपत्र अंथरत. मग त्यावर अंग चोरून बसत, दार लावून घेत, डोळे मिटत आणि उजव्या हाताचा पंजा वर करत.

"चालवा. आन बोलू नका."

ब्रेकचा आवाज येतो म्हणून गाडी घेऊन जावं, तर बाकीचे मेकॅनिक बॉनेटपाशी नाहीतर चाकापाशी बसतात. हे गृहस्थ मागच्या सीटवर बसत, समाधी लागल्यासारखे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हसू आवरेना. आरशात बघितलं, तर त्यांचे डोळे मिटलेले आणि मान थोडी डावीकडे कललेली.

"फिटर, झोप लागली काय?" मी विचारलं.

पंजा पुन्हा वर. "बोलू नका म्हनलं न्हवं?"

भिंगारात सगळे त्यांना फिटरच म्हणत. लष्करी वर्कशॉपात सिव्हिलियन फिटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती आणि निवृत्तीनंतर त्यांनी बाजारामागच्या गल्लीत पत्र्याची शेड टाकली होती. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा नको तिथे, नको तसं ते माझ्या तोंडून गेलं आहे. तेवढं पुरे.

त्यांची आवाज शोधायची रीत ठरलेली होती. कँटोन्मेंटची एक लांबलचक दगडी भिंत आहे, तिच्या अगदी लगत गाडी न्यायला लावत. काचा चारही खाली. "आवाज भितीवर आपटून माघारी येतो, मग कंच्या चाकाचा ते कळतं," हे त्यांनी मला नंतर सांगितलं. एकदा भिंत डाव्या हाताला ठेवून जायचं, मग वळून येताना उजव्या हाताला. गाडी सावकाश चालू असताना म्हणत, "हँडब्रेक दोन दात वढा. दोनच." हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. तो ओढल्यावर आवाज बदलला तर दुखणं मागचं आणि नाही बदलला तर पुढचं. माझ्या गाडीचा आवाज बदलला. फिटरांनी डोळे उघडले आणि नाडी बघितलेल्या वैद्यासारखं सांगितलं, "मागचं डावं. उजवं बी लागलंय, पन अजून बोलत न्हाई."

मी त्यांना सांगायला लागलो की आवाज सकाळी जास्त येतो, गतिरोधकावर येतो, बायकोच्या मते उजवीकडून येतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मालक सांगतो ते ऐकायचं आन इसरून जायचं," ते म्हणाले. "गाडी काय म्हनती ते बघायचं."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. असं कुणी बोललं की मला राग यायला हवा, पण त्यांचा यायचा नाही. त्यांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. आणि काम करताना ते मला स्टूल देऊन समोर बसवत, मी विचारीन ते सांगत. मास्तर माणूस शिकायला बसलाय याचं त्यांना अप्रूप होतं.

त्या दिवशी त्यांनी चाक काढलं आणि ड्रम दाखवला. ड्रम म्हणजे चाकामागचं लोखंडी भांडं, त्याच्या आत दोन अर्धगोल ब्रेक शू असतात, ते आतून दाबले की चाक थांबतं. ड्रम गंजून घट्ट बसला होता. त्यांनी ड्रमच्या तोंडावरची दोन बारीक भोकं मला बोटानं दाखवली. "हितं बोल्ट घालून पिळला की ड्रम आपसूक भायेर येतो. हातोडीनं मारणारे गाढव." ड्रम निघाला तसा आतून काळा भुगा पडला. मी उत्साहानं पुढे वाकून फुंकर मारणार, तेवढ्यात त्यांनी माझा खांदा मागे ओढला.

"फुकू नका. छातीत जातंय. आमी वर्कशॉपात तीस वरीस हवा मारून उडवला, त्याचं आता भोगतो." मग ते खोकले, बराच वेळ. ओल्या फडक्यानं त्यांनी सगळा भुगा टिपून घेतला.

शू आरशासारखे चकचकीत झाले होते. "शू चकाकला की वरडतो," म्हणून त्यांनी ते पॉलिश पेपरनं घासून खरखरीत केले. मागच्या पत्र्यावर शू जिथे टेकतात अशा सहा जागा असतात, तिथे त्यांनी बोटाच्या टोकानं ग्रीस लावलं. प्रत्येक जागी ज्वारीच्या दाण्याएवढं, जास्त नाही.

"म्हणजे वंगण दिलं की आवाज जातो," मी म्हटलं. वर्गात फळ्यावर सारांश लिहावा तसं.

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं. "हितंच, मास्तर. ह्या सा जागी. बाकी ब्रेकपाशी तेलाचा थेंब म्हंजे साप. तुमी न्हाई हात लावायचा."

निघताना त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. गाडी धुतली की ड्रमवर गंज धरतो, मग पहिले दोन ब्रेक वाजतात. "घाबरायचं न्हाई. तिसऱ्याला गप हुती." वर्तमानपत्राची घडी घालून त्यांनी ती माझ्या पुढच्या सीटच्या पाठीमागच्या कप्प्यात खोचली. "परत लागंल," म्हणाले आणि हसले.

हे सगळं दसऱ्याच्या पंधरा दिवस आधीचं.

आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. बायकोचं शिलाई मशीन, पिठाची छोटी गिरणी, स्कूटर, गाडी. पूजेआधी जे पुसायचं ते पुसायचं आणि ज्याला तेल द्यायचं त्याला तेल द्यायचं. त्या सकाळी बायकोनं मशीनला तेल घातलं, मी गाडी धुतली आणि झेंडू आणायला निघालो. कोपऱ्यावर ब्रेक मारला, तर कर्रर्र. पुढच्या वळणावर पुन्हा तोच आवाज. तिसरा ब्रेक मारायची वेळच आली नाही, कारण फुलवाला तिथेच बसला होता. मी झेंडू घेतला, चिडलो आणि चालतच घरी आलो. गाडी नंतर मेव्हण्यानं आणून अंगणात लावली. तो सणाला राहात्याहून आलेला होता. माझं आवाजाचं गाऱ्हाणं ऐकून तो म्हणाला, "काय दाजी, आताच काम केलं ना ब्रेकचं? फसवलं की म्हाताऱ्यानं."

मला फसवून घेतलेला माणूस व्हायचं नव्हतं. मेव्हण्यासमोर तर नाहीच. पाटावर शिलाई मशीनच्या तेलाची कुपी होती, लांब नळीची. मेव्हणा आंघोळीला गेला तशी मी ती उचलली, मागच्या चाकाची टोपी काढली, चाकाच्या फटीतून ती दोन बारीक भोकं शोधली आणि नळी आत घातली. फिटरांनी मला ज्या बोटानं ती भोकं दाखवली होती ते बोट मला त्या क्षणी आठवलं नाही. फक्त भोकं आठवली. चार-चार थेंब घातले असं मी मनाशी म्हणत आलो आहे. थेंब नव्हते, चांगली धार होती. दोन्ही चाकांना घातली.

आता तुम्ही म्हणाल, विज्ञानाचा मास्तर. बरोबर आहे. आठवीला घर्षणाचा धडा मीच शिकवतो. वंगणानं घर्षण कमी होतं आणि ब्रेक घर्षणानं चालतो, ही दोन्ही वाक्यं मी दरवर्षी एकाच फळ्यावर एकाखाली एक लिहितो. त्या दिवशी अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे. आवाज मात्र बंद झाला. मी गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मेव्हण्याला ऐटीत सांगितलं, "बघ, बसला की नाही आवाज?"

नंतरच्या रविवारी आम्ही चांदबिबीच्या महालावर गेलो. मी, बायको, मेव्हणा आणि माझी आई. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती गाडीतच मागच्या सीटवर बसून राहिली. मी चढावर गाडी लावली, हँडब्रेक चांगला वरपर्यंत ओढला, उतरलो आणि दहा पावलं गेलो असेन. मेव्हणा ओरडला, "दाजी! गाडी!"

गाडी आईला घेऊन मागे निघाली होती. हळूहळू, कुणी ढकलत असल्यासारखी. मी धावलो. धावतानाच मला तेलाची नळी दिसली, स्पष्ट, डोळ्यांसमोर. गाडी मुरमाच्या ढिगाला जाऊन टेकली आणि थांबली. ढिगाच्या पलीकडे खडा उतार होता. आईच्या मनगटाला मार बसला, बाकी काही नाही. तिनं काच खाली केली आणि म्हणाली, "मला वाटलं तूच मागं घेतोयस." मी रस्त्यावरच बसलो.

बायको रडत होती. मेव्हण्यानं विचारलं, "ब्रेक कुणी केले होते हे?"

मी फिटरांचं नाव सांगितलं. तेव्हाच पुढचं वाक्य बोलायचं होतं. तेल मी घातलं, एवढंच. मी आईच्या मनगटावर ओला रुमाल बांधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा मला घेऊन भिंगारला गेला, गाडी अगदी हळू चालवत. शेडपाशी दोघं-तिघं गिऱ्हाइकं होती. मेव्हण्यानं त्यांच्यासमोर फिटरांना फाडून खाल्लं. "माझ्या बहिणीची सासू गेली असती तुमच्या कामापायी! घरी बसा आता." फिटरांनी जॅक लावला, चाक काढलं, ड्रम बाहेर काढला. शू ओलेचिंब होते आणि तेलाचे ओघळ पत्र्यावर उतरलेले होते. फिटरांनी एक बोट शूवरून फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं.

त्यांना कळलं होतं. ग्रीसचा वास कसा असतो आणि शिलाई मशीनच्या तेलाचा कसा, हे त्या माणसाला सांगायला नको होतं.

"फिटर, मी..." मी सुरुवात केली.

त्यांनी पंजा वर केला. "बोलू नका, मास्तर."

मेव्हणा म्हणाला, "तुमचंच काम ना हे?"

"व्हय," फिटर म्हणाले. "ह्या गाडीला माझाच हात लागलाय."

त्यांनी नवे शू बसवले, ड्रम पेट्रोलनं दोनदा धुतला, वर्तमानपत्र अंथरून मागच्या सीटवर बसले आणि भिंतीलगत फेरी मारून आणली. मेव्हणा चालवत होता. मी शेडमध्ये स्टुलावर बसून राहिलो. परत आल्यावर कागदाची घडी त्यांनी पुन्हा कप्प्यात खोचली. आईची चौकशी केली. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. हा प्रसंग आठवला की आजही माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

इथवर मी फक्त भित्रा होतो. पुढचं सांगायला मला जास्त लाज वाटते.

आमच्या शाळेच्या तीन बसचे ब्रेक फिटरच करत. त्यांच्या शेडचा निम्मा संसार त्या तीन बसवर होता. महालावरची गोष्ट शिक्षकांच्या खोलीत पोचली तेव्हा ड्रॉइंगचे सर म्हणाले, "फिटरचं काम असं व्हायचं नाही हो. दुसरं काहीतरी असेल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "वय झालं त्यांचं. कान पहिल्यासारखे राहिले नाहीत."

का म्हणालो? कुणी मला विचारलं नव्हतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण लपवायचं असलं की माणूस दोन शब्द जास्तच बोलतो, आणि मी नेमका त्यांच्या कानांवर बोट ठेवून बसलो.

आठवड्याभरात तेच वाक्य संस्थेच्या सचिवांच्या तोंडून माझ्याकडे परत आलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक होती. "फिटरला म्हणे ऐकू येत नाही आता. सर, तुमच्याच आई होत्या ना गाडीत?"

"हो," मी म्हणालो.

"मग पोरांच्या बस कशा द्यायच्या त्यांच्याकडे?"

तिन्ही बस नगरच्या एका मोठ्या गॅरेजकडे गेल्या.

भिंगारातले लोकही काही कमी नाहीत. काही जण मुद्दाम शेडच्या मागून जाऊन हळूच हाक मारून बघत, फिटरला ऐकू येतं का. ते लगेच वळत. "येतं ऐकू मला," म्हणत, आणि कामाला लागत. हे मला ड्रॉइंगच्या सरांनी हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

मी शाळेत जायचा रस्ता बदलला. लांबचा पडतो, पण शेड लागत नाही. गुढीपाडव्याला कळलं की शेड बंद झाली. खोकला वाढला म्हणून बंद केली, असं कुणी म्हणालं आणि मला चक्क बरं वाटलं. खोकल्यावर ढकलता आलं ना. त्यानंतर दीड वर्षानं फिटर गेले.

दहावं-तेरावं होऊन गेल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस, भिंतीवर वर्कशॉपातला एक गट फोटो. त्यांच्या पत्नीनं मला ओळखलं. चहा ठेवते म्हणाल्या. चहा होईपर्यंत धीर टिकणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून त्या स्टोव्हपाशी असतानाच, पाठमोऱ्या, मी म्हणालो, "मावशी, त्या ब्रेकमध्ये तेल मी घातलं होतं."

त्यांनी साखर घातली, ढवळली.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी घरी येऊन म्हनले, मास्तरनी शिलाई मशीनचं तेल घातलंय. मी लई भांडले. म्हनलं, मग चारचौघात सांगायचं की! तुमी का आयकून घेतलं? तर म्हनले, मास्तरला उद्या पोरांम्होरं हुबं ऱ्हायचंय. माझं काय, मला चाकाम्होरं बसायचंय."

मावशी चहा देऊन समोर बसल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"त्यांना वाटलं हुतं तुमी येताल. चार दिसांनी म्हना, आठ दिसांनी म्हना. शेडमधी ते तुमचं स्टूल काय हलवू द्यायचे न्हाईत. म्हनायचे, येतील मास्तर."

तो चहा मी प्यायलो, एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत उभा राहून सगळं सांगितलं. तेल, नळी, भोकं, कानांबद्दलचं वाक्य. सगळे हसायला लागले. विज्ञानाच्या मास्तरनं ब्रेकला शिलाई मशीनचं तेल पाजलं! गोष्ट म्हणून ती खरोखरच मजेदार आहे. महिनाभर सगळे मला त्यावरून चिडवत होते. सचिवांना सांगितलं, तर ते म्हणाले, "जाऊ द्या हो सर, आता त्याचं काय!" खरंच, आता त्याचं काय. ज्याला त्याचं काही होतं तो माणूस निघून गेला होता. ड्रॉइंगचे सर तेवढे हसले नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुम्ही दोन वर्षं काय करत होतात?"

परवा रविवारी गाडी धुतली आणि सोमवारी सकाळी जुन्या रस्त्यानं शाळेला निघालो. मनात काही ठरवलेलं नव्हतं, पण कँटोन्मेंटची भिंत लागली तशी मी चारही काचा खाली केल्या आणि गाडी भिंतीलगत घेतली. पहिला ब्रेक वाजला. दुसराही वाजला. तिसऱ्याला काही नाही. नुसता टायरचा खरखर आवाज भिंतीवरून परत येत होता.

मी आरशात बघितलं, मागची सीट रिकामी. पुढच्या सीटच्या पाठीमागच्या कप्प्यात वर्तमानपत्राची घडी अजून तशीच आहे. तिच्या कडेला चार काळी बोटं उमटलेली आहेत. बायको दोनदा म्हणाली, टाकून द्या ते, पण मी टाकलेलं नाही.

गाडी सावकाश चालवत मी मोठ्यानं म्हणालो, "फिटर, तेल मी घातलं होतं. तुमचे कान चांगले होते."

पुढची वाक्यं मला सुचेनात. मी थोडा वेळ वाट बघितली. मागून कुणी 'बोलू नका' म्हणालं नाही.